नणंदेची विषम, भावजयीची सम

ताई,

प्रश्न वाचून तुम्हाला हसू येईल, पण दोन महिने नीट झोप नाही म्हणून लिहिते आहे. मी ४१ वर्षांची, कोथरूडला राहते, एका पतपेढीत हिशेब बघते. २००७ मध्ये लग्न होऊन साताऱ्याहून पुण्यात आले तेव्हा माझी नणंद कॉलेजात होती. इंग्रजीत प्रेमकथा लिहिणाऱ्या नलिनी सिंग यांच्या ‘साय-चेंजलिंग’ मालिकेचं पहिलं पुस्तक तिला २००९ मध्ये कॅम्पात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं. माझं इंग्रजी तेव्हा बेताचंच होतं. रात्री मागचं आवरून झालं की आम्ही गच्चीत जायचो, ती वाचायची आणि मला मराठीत सांगायची. वर्षभरात मी स्वतः वाचायला लागले. मग ठरलं, विषम क्रमांकाची पुस्तकं तिने घ्यायची, सम क्रमांकाची मी. घरात कुणी रुसून गप्प बसलं की आम्ही एकमेकींकडे बघून त्या पुस्तकांतला ‘सायलेन्स’ हा शब्द म्हणायचो. २०१२ मध्ये तिचं ठरलेलं लग्न मोडलं. त्या दिवसांत अकरावं पुस्तक आम्ही दोनदा वाचलं.

आता ती कल्याणीनगरला असते, नवरा, मुलगा, मोठी नोकरी. पंधराव्यानंतर तिने वाचणं सोडलं. यंदा भाऊबीजेला आली आणि कपाट बघून म्हणाली, “वहिनी, हे सगळं कुणाला तरी देऊन टाकू या. मालिका पंधराव्यालाच संपली, पुढची नुसती पाणी घालून वाढवलेली आमटी आहे.” मी पटकन बोलून गेले, “तुला सगळंच अर्ध्यात सोडायची सवय आहे.” ती न जेवता निघून गेली. तेव्हापासून फोन फक्त भावाला येतो.

खरं सांगते, सोळाव्यानंतर माझंही मन लागत नाही. पुढची पाच आणून ठेवली आहेत, दोघांचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. मालिका खरंच संपली का? पुस्तकं देऊन टाकू का? पतपेढीत कुणी विचारलं तर मी काय वाचते ते सांगत नाही, दुसरंच नाव घेते. चाळिशी ओलांडलेल्या बाईने बिबट्या होणाऱ्या माणसाच्या प्रेमकथेवरून नणंदेशी भांडावं, हे वेडेपणाचं नाही का?

– सम क्रमांकवाली, कोथरूड

*

हसू आलं नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला माझी मावशी आठवली. तिच्याकडे नंतर येते.

आधी शेवटचा प्रश्न घेते, कारण तो मनात सलत असेपर्यंत बाकीचं तुम्हाला ऐकू येणार नाही. माणसाने माणसापलीकडच्या कुणावर तरी जीव लावावा, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पंचाण्णवावं सूक्त म्हणजे पुरूरवा आणि उर्वशीचा संवाद. तो मर्त्य राजा, ती अप्सरा. चार शरद ऋतू त्याच्यापाशी राहून ती निघाली आहे आणि तो परत ये म्हणून विनवतो आहे. ती येत नाही. पुढे कालिदासाने हीच गोष्ट नाटकाला घेतली. त्यात मध्येच उर्वशीची वेल होते, राजा रानावनात पाखरांना तिचा ठावठिकाणा विचारत भटकतो, आणि शेवटी दोघं एकत्र नांदतात. सूक्तातला तो विरह कुणाला तरी सोसवला नाही आणि गोष्ट सुखान्त झाली, असं मला नेहमी वाटतं. तुम्ही दोघी गच्चीत जे वाचत होतात ते याच घराण्यातलं. आणि एकाच दुनियेतल्या गोष्टी वर्षानुवर्षं वाचत राहणं म्हणाल, तर बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजारची पुढची गोष्ट लायब्ररीत कधी येते याची वाट बघणारी माणसं आपल्या आधीच्या पिढीत घरोघर होती, आणि त्यातली पुष्कळशी दिवसा हिशेबच बघत होती. पतपेढीत पुढच्या वेळी कुणी विचारलं तर खरं नाव सांगा.

आता मालिका. ही मालिका मीही वाचली आहे, आणि मला ती मनापासून आवडते, म्हणून जरा सविस्तर बोलते. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काळ याच शतकाच्या उत्तरार्धाचा, २०७९ च्या आसपासचा. जगात तीन जाती आहेत. साधी माणसं, बिबट्या, लांडगा, अस्वल अशी रूपं घेऊ शकणारे चेंजलिंग, आणि मनाच्या शक्ती असलेले साय. साय लोकांची मनं एका अदृश्य जाळ्याने जोडलेली असतात, त्या जाळ्यातून तुटला तो मेला. १९७९ मध्ये त्यांनी ठरवलं की पुढच्या पिढ्यांना लहानपणापासून शिकवून भावना मुळातूनच काढून टाकायच्या. राग नाही, माया नाही, भीती नाही. याचं नाव सायलेन्स.

मालिकेचा मोठेपणा मला इथे दिसतो. सायलेन्स ही कुणा दुष्टाने काढलेली शक्कल नव्हती. वेड आणि हिंसा यांनी पोरं हातची जात होती, म्हणून हवालदिल झालेल्या आईबापांनी तो मार्ग धरला. शंभर वर्षांनंतरच्या काळात घडणाऱ्या, २००६ मध्ये आलेल्या पहिल्या पुस्तकात, साशा नावाची एक साय मुलगी आपल्याला सगळं जाणवतं म्हणून स्वतःला सदोष समजत जगते आहे. आणि हळूहळू कळतं की तिच्यासारखी दुसऱ्याचं दुःख जाणणारी माणसं दडपली गेली म्हणूनच ते अख्खं जाळं आतून कुजत चाललं आहे. पोरांच्या काळजीपोटी घरात काही गोष्टी बोलायच्याच नाहीत असं ठरवणारे आईबाप पुण्यात थोडे नाहीत. तुम्हाला दोघींना तो शब्द घरात वापरावासा वाटला, तो उगाच नाही.

“मालिका पंधराव्यालाच संपली” यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. २००६ ते २०१६ या दहा वर्षांत पंधरा कादंबऱ्या आल्या. प्रत्येकीत एक जोडी, तिचा शेवट गोड हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक. पण सायलेन्स टिकणार की कोसळणार हा प्रश्न मात्र एका पुस्तकातून दुसऱ्यात धगधगत राहायचा. बाराव्यात, म्हणजे २०१३ च्या ‘हार्ट ऑफ ऑब्सिडियन’मध्ये, सायलेन्स पडला. माझ्या मते दहा ते बारा हा मालिकेचा कळस. तेरावं-चौदावं त्या पडझडीतून उठायची गोष्ट सांगतात आणि छान सांगतात. पंधरावं म्हणजे लग्नघरची शेवटची पंगत. सगळ्या जोड्या, सगळी पोरंबाळं हजर, प्रत्येकाच्या पानाशी जाऊन यजमानीण चौकशी करते. मला त्या पुस्तकात भरून आलं होतं, पण ते निरोपाचं भरून येणं होतं. तिथे उठून हात धुतले तर कुणी तुमच्या नणंदेला अर्धपोटी उठली म्हणू शकत नाही.

२०१७ पासून ‘ट्रिनिटी’ नावाने जे सुरू झालं, ती त्याच जगातली दुसरी गोष्ट आहे. त्यातलं पहिलं, तुमचं सोळावं, मॉस्कोच्या अस्वलांचं. दंगेखोर, प्रेमळ पुस्तक, ते तुम्ही वाचलं आहे. नंतर मात्र एक अडचण होते, ती स्पष्ट सांगते. जाळं फाटतंय, सांधलं, पुन्हा फाटतंय, हे पुस्तकामागून पुस्तक चालू राहतं, आणि दर वर्षी तीच भीती घातली की ती बोथट होते. तुमचं मन लागत नाही याचं एक कारण एवढं साधं आहे.

दुसरं कारण तुमचं वय. म्हातारपण म्हणत नाही मी. पंचविशीत जो नायक दाराशी पहारा देतो, ही माझी आहे म्हणून गुरगुरतो, तो पुरुष वाटतो. चाळिशीत वाटतं, बाबा रे, जरा सरक, मला भाजी आणायला जायचंय. मला तर पहिल्या काही पुस्तकांतले नायक आता वाचवत नाहीत. पण त्याच पुस्तकांतली एक कल्पना मला आजही हलवते. चेंजलिंग लोकांत स्पर्शाचा हक्क हा दुसऱ्याने द्यायचा असतो. कुणी कुणाचा हात धरायचा, कुणी डोक्यावरून हात फिरवायचा, हे ज्याचं अंग त्याने ठरवायचं, आणि एकदा ठरलं की मग आपल्या माणसाला जवळ घेण्यात लाज नाही. नवी सून आणि नणंद गच्चीत खांद्याला खांदा लावून हे वाचत होत्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे वाचायचं असेल तर उरलेली चार सोडा आणि थेट विसावं काढा, २०२१ चं ‘लास्ट गार्ड’. काही संदर्भ सुटतील, सुटू देत. नायिका पायल राव, दिल्लीच्या एका बलाढ्य आणि विषारी कुटुंबाचा कारभार हाकणारी. नायक तरंगत्या खुर्चीत बसणारा, तिच्याइतकाच एकटा. लहानपणी दोघं एका क्रूर संस्थेत होती, नावाऐवजी क्रमांकाने ओळखली जायची. अख्खं जाळं ज्यांच्या जिवावर उभं असतं त्या माणसांची ही गोष्ट आहे, आणि त्यांच्याकडे आजवर कुणी लक्षच दिलेलं नाही. इथे गुरगुरणारं कुणी नाही. दोघं एकमेकांना इतकं जपून बोलतात की मी दोनदा पुस्तक मिटून नुसती बसले होते. तेही नाही रुचलं तर थांबा. वीस पुस्तकं वाचली म्हणून एकविसावं वाचायचं देणं लागत नाही.

आता मावशी. ती सदाशिव पेठेत राहायची. शाळेच्या सुट्टीत मी तिच्याकडे असले की आम्ही दोघी नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचायचो. ती पुस्तक आणायची, मी मोठ्याने वाचायची, आणि भीती वाटली की दोघी एकाच पांघरुणात. कॉलेजात गेल्यावर मी तिला एकदा म्हणाले, “मावशी, मला आता तसलं नाही गं आवडत.” तिने लायब्ररीतून आणलेलं पुस्तक मुकाट्याने पिशवीत परत ठेवलं. नंतर कधी काढलं नाही, कधी विचारलं नाही. मला वाटत होतं, मी भुताखेतांच्या गोष्टींबद्दल बोलले. ती काय समजली हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. मी पस्तिशीत असताना ती गेली. तोवर मी धारप पुन्हा वाचायला लागले होते, आणि तिला ते सांगायचं राहून गेलं.

तुमच्या कपाटापुढे त्या दिवशी तेच झालं आहे. ती म्हणाली मालिका संपली, तुम्ही ऐकलंत गच्ची संपली. पण तुमच्याच पत्रात एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली का? विषम पुस्तकं तिने आणायची असा करार होता. तुमच्याकडे सतरावं आहे, एकोणिसावं आहे, एकविसावं आहे. ती तुम्ही आणलीत. सतरावं आलं २०१८ मध्ये. ते तिने आणलं नाही, तेव्हा तुम्ही तिला फोन केलात का? “अगं, यंदा तुझी पाळी आहे” असं म्हणालात? मला वाटतं, नाही. तिनेही “वहिनी, मला आता पुढे वाचवत नाही” असं सांगितलं नाही. तुम्ही गुपचूप तिच्या वाटणीची पुस्तकं भरत राहिलात आणि तीही गुपचूप दूर झाली. एवढ्या वर्षांचं ते न बोललेलं भाऊबीजेला एका वाक्यात बाहेर पडलं. जो शब्द तुम्ही घरातल्या इतरांसाठी वापरत होतात, तो तेवढी वर्षं तुमच्या दोघींनाही लागू होता.

आणि ते वाक्य. त्याबद्दल मी तुम्हाला सोडणार नाही. “तुला सगळंच अर्ध्यात सोडायची सवय आहे,” हे ज्या मुलीचं लग्न मोडलं आहे तिला तुम्ही म्हणालात; आणि त्या दिवसांत जी तिच्याजवळ बसली होती तिने म्हटलंत. २०१२ मध्ये माघार कुणी घेतली हे तुम्ही लिहिलेलं नाही, मला जाणूनही घ्यायचं नाही. तिच्या कानांना त्याने फरक पडत नाही. परक्या बाईने म्हटलं असतं तर तिने उडवून लावलं असतं. तुम्ही म्हटलंत म्हणून ती न जेवता गेली.

अकराव्या पुस्तकात काय आहे ते आठवा. लांडग्यांचा रियाझ. त्याची जन्मजात ठरलेली जोडीदारीण त्याला भेटते तेव्हा ती दुसऱ्याशी लग्न करून सुखात असते. तो परत येतो. घरी एड्रिया असते, एका लांबलेल्या, दमवून टाकणाऱ्या नात्यातून बाहेर पडलेली. आपण एकमेकांसाठी ठरलेली नाही हे दोघांना पक्कं ठाऊक असतं, तरी ती एकमेकांना निवडतात. चाहत्यांत या पुस्तकावरून दोन तट आहेत. ठरलेल्या जोडीचं सुख हवं असणाऱ्यांना ते टोचतं. मला ते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात धीट पुस्तक वाटतं. लग्न मोडलेल्या मुलीने ते दोनदा का वाचलं असेल हे मी तुम्हाला सांगायला नको. पण तुम्ही ते दुसऱ्यांदा तिच्याबरोबर का वाचलंत, तेही बघा. नणंद-भावजय हे नातं कुणी निवडून घेत नाही. भावाचं लग्न झालं की ते पदरात पडतं, आणि जुन्या ओव्यांत त्याचा लौकिक काही चांगला नाही. तुम्ही दोघींनी ते पुन्हा वेगळं निवडून घेतलंत, एकेक पुस्तक करत.

म्हणून आधी माफी, पुस्तकांचं मागाहून. व्हॉट्सअॅपवर नको आणि नवऱ्याला मध्ये घालून तर मुळीच नको. वनाजला मेट्रोत बसलात की गाडी न बदलता कल्याणीनगरला उतरता येतं. आदल्या दिवशी फोन करा, तिने उचलला नाही तर येते आहे एवढा निरोप ठेवा आणि जा. मुलाला खाऊ न्या, तिला पुस्तक नेऊ नका. तिला वाटेल पुन्हा वाचायला लावायला आली. तिला सांगा, “मी बोलले ते चुकलं, आणि ते खरंही नव्हतं.” मग थांबा. “पण तूही” हे दोन शब्द तोंडाशी आले तर पाणी प्या. ती रागावली तर रागावू द्या. दोन महिने तीही गप्पच होती, तिच्याकडेही बोलायचं साचलं असेल.

त्यानंतर कधीतरी, त्याच दिवशी नव्हे, कपाटाचा विषय काढा. पहिल्या पंधरांतली आठ तिची आहेत, सात तुमची. तिला तिची द्यायची असतील तर तो तिचा अधिकार आहे, आणि तुम्हाला तुमची ठेवायची असतील तर तो तुमचा. पण आधी तिला विचारा, द्यायचं का मनात आलं. घरात जागा नाही म्हणून नक्कीच नाही, कपाट तुमच्याकडे आहे. कदाचित तुम्ही अजून वाट बघत बसला आहात हे तिला कपाटात दिसलं असेल आणि तिला ते सहन झालं नसेल. मी हे माझ्या मनाने म्हणते आहे, खरं काय ते तिच्याकडूनच कळेल. तिचा वाचायचा नाद सुटला असेल तर तेही ऐकून घ्या. दुसरं काही वाचत असेल तर ते काय आहे विचारा, आणि ते तुम्ही वाचून बघा. पंधरा पुस्तकं तिने तुम्हाला वाचून, सांगून, मागे लागून वाचायला लावली. सोळाव्या वेळीही तिच्या आवडीमागे जाऊन बघायला हरकत नाही.

आणि अकरावं विषम आहे, म्हणजे तिचं. बाकीच्यांचं जे ठरेल ते ठरेल, पण तेवढं एक तिने मागितलं तर लगेच काढून द्या. नाही मागितलं तर असू द्या तिथेच, दहा आणि बाराच्या मध्ये.